पाठीवरचें बिऱ्हाड आणि उतारवयाचा हिशेब

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कींव करण्यासाठींच वापरली जाते. ज्याला घर नाहीं, दार नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, त्याला ती लावावयाची. अमेरिकेंत मात्र अशीं हजारों वृद्ध जोडपीं आहेत कीं, ज्यांनीं ही स्थिति आपण होऊन पत्करली आहे. नोकरीचीं वर्षें संपलीं कीं राहतें घर विकावयाचें, सामानसुमान मुलांना वांटून टाकावयाचें, आणि चाकांवरचें एक घर घेऊन बारा महिने रस्त्यावर राहावयाचें, असा त्यांचा क्रम. पाहणाराला ही हौस वाटते. परंतु या हौशीच्या मागें एक हिशेब असतो, आणि तो चुकला तर त्याचें फळ अशा वयांत भोगावें लागतें कीं, ज्या वयांत नव्यानें कमाई करण्याइतकें बळ अंगांत उरलेलें नसतें. म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

या चाकांवरच्या घराला तेथें ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, संक्षेपानें आर. व्ही., असें म्हणतात. मराठींत त्याला घरगाडी म्हटलें तर चालेल. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या प्रकारांत गाडीला स्वतःचें इंजिन असतें. मोठी असली तर ती आपल्या एस्. टी. च्या बसएवढी भरते, लहान असली तर साध्या व्हॅनमध्यें मावते. दुसरा प्रकार ओढगाडीचा, म्हणजे ट्रेलरचा. ती मोटारीच्या मागें जोडून ओढावयाची. तिसऱ्या प्रकारास ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. हीही ओढगाडीच, परंतु तिचें पुढचें टोंक पिक-अप ट्रकच्या हौद्यांत बसविलेल्या कडीवर टेकतें, त्यामुळें बरेंच मोठें घरही नीट ओढलें जातें. आंत बिछाना, शेगडी, फ्रिज, न्हाणी आणि शौचकूप असतात. पोटाखालीं तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक मैल्याची. त्या वेळेवर भरणें आणि वेळेवर रिकाम्या करणें हा या संसारांतला नित्यनेम होय.

या राहणीचें मूळ जुनें आहे. मोटारी सामान्य माणसाच्या आटोक्यांत येऊं लागल्या तेव्हां, १९१९ सालीं, फ्लॉरिडांतील टँपा शहरीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाची फिरस्त्या मोटारवाल्यांची संस्था निघाली. १९३१ मध्यें वॅली बायम यांनीं एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि तिच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ओढगाड्या पुढें साऱ्या देशाच्या ओळखीच्या झाल्या. परंतु नुसत्या गाडीवर म्हातारपण निभत नाहीं. दरमहा हातांत पैसा यावा लागतो. ती सोय १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानें केली. कामाच्या वर्षांत पगारांतून वर्गणी कापावयाची आणि म्हातारपणीं दरमहा ठराविक रक्कम द्यावयाची, अशी ही योजना आहे. तिचा पहिला मासिक धनादेश जानेवारी १९४० मध्यें व्हरमाँट राज्यांतील आयडा मे फुलर या बाईंना मिळाला. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट. बाईंनीं तीन वर्षांत वर्गणी भरली होती अवघी २४ डॉलर ७५ सेंट. आणि १९७५ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, त्या वारल्या तोंवर त्यांच्या पदरीं सुमारें २२,८८९ डॉलर पडले होते. या उदाहरणांत दोन गोष्टी आहेत. एक, हा पैसा कोणत्याही गांवाला बांधलेला नाहीं. माणूस जाईल तेथें तो जातो. दुसरी, माणूस स्वतःच्या अंदाजापेक्षां पुष्कळ अधिक जगूं शकतो. घरगाडी घेणाराला पहिली गोष्ट नेहमीं आठवते. दुसरी मात्र सोयिस्करपणें विसरली जाते.

प्रथम जमेची बाजू पाहूं जातां तींत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वयाचा आहे. सोशल सिक्युरिटीची रक्कम ६२ व्या वर्षापासून घेतां येते. परंतु १९६० सालीं किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती पूर्ण मिळते ६७ व्या वर्षीं. ६२ व्या वर्षींच हात पुढें केला तर ती जन्मभरासाठीं ३० टक्क्यांनीं घटते; उलट ६७ नंतरही थांबलें तर ७० वर्षांपर्यंत दर वर्षामागें ८ टक्क्यांची भर पडते. म्हणजे ज्या जोडप्याला ६७ व्या वर्षीं महिना ३,२०० डॉलर मिळावयाचे, त्यानें ६२ व्या वर्षींच सुरुवात केली तर २,२४० डॉलरच मिळतील. महागाईच्या मानानें १९७५ पासून या रकमेंत आपोआप वाढ होते हें खरें. पण ती वाढही घटलेल्या रकमेवरच. गुडघे शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत, रस्ता बोलावतो आहे, अशा वेळीं पांच वर्षें थांबा असें सांगणें सोपें नसतें. तरीही महिन्याला ९६० डॉलरांचा फरक हा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा फरक आहे, हें ध्यानांत घेऊनच तो निर्णय घ्यावा लागतो.

आतां हिशेब डोळ्यांपुढें उभा राहावा म्हणून एक काल्पनिक जोडपें घेतां येईल. दोघेही ६७ वर्षांचीं. नवऱ्याला स्वतःच्या वर्गणीवर १,९०० डॉलर आणि बायकोला तिच्या वर्गणीवर १,३०० डॉलर, मिळून महिना ३,२००. घर विकून, कर्ज फेडून हातीं आले २,४०,००० डॉलर. त्यांतून ८०,००० डॉलरांचा ट्रक आणि वापरलेली ओढगाडी घेतली, उरले १,६०,०००. यांपैकीं ६०,००० डॉलर त्यांनीं बाजूला काढून ठेवले. ते कशासाठीं हें पुढें येईल. उरलेल्या एक लाखावर त्यांनीं चार टक्क्यांचा नियम लावला. हा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागारानें १९९४ सालीं मांडला. शेअर आणि रोखे यांत मिळून गुंतविलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षीं चार टक्के काढावे व पुढें महागाईप्रमाणें ती रक्कम वाढवीत जावें. तेथील बाजाराचा मागील इतिहास पाहतां अशी पुंजी तीस वर्षें पुरते, असें त्याचें गणित होतें. त्याप्रमाणें लाखावर वर्षाला ४,००० डॉलर, म्हणजे महिना ३३३. एकूण जमा महिना ३,५३३ डॉलर.

आतां खर्च. मुक्कामाच्या जागेचें भाडें ८०० डॉलर. खाण्यापिण्याचे ७५०. औषधपाणी आणि आरोग्यविमा मिळून ८००. ट्रक व घरगाडी यांचा विमा २००. टेलिफोन आणि इंटरनेट १७०. शेगडीचा गॅस, धोबीखाना, टपाल वगैरे १३०. कपडालत्ता, नातवंडांच्या भेटी, एखादा खेळ-तमाशा ३००. राहिलें इंधन. वर्षाला १२,००० मैल फिरावयाचें आणि ओढगाडीसह व तिच्याविना धरून सरासरी एका गॅलनला १० मैल पडतात असें मानलें, तर १,२०० गॅलन लागतील. गॅलनचा भाव साडेतीन डॉलर धरला तर वर्षाचे ४,२००, म्हणजे महिन्याचे ३५०. सर्वांची बेरीज ३,५०० डॉलर होते. शिल्लक ३३ डॉलर.

वरवर पाहतां जमाखर्चाचें तोंड मिळालें. नव्यानें या वाटेस लागणारीं पुष्कळ माणसें येथेंच हिशेबाची वही मिटतात, आणि येथेंच फसतात. कारण या यादींत दुरुस्तीचें नांव नाहीं. घराचा खर्च महिन्यामहिन्यानें येतो. गाडीचा खर्च एकदम येतो. रबराचें आयुष्य केवळ झिजेवर नसतें. घरगाडीचे टायर वरून नवे दिसले तरी साधारण पांच ते सात वर्षांत बदलणें शहाणपणाचें समजतात. कारण वेगांत टायर फुटला तर तो गाडीचा तळही फाडून काढतो. छपराच्या सांध्यांवरचें लुकण वरचेवर तपासावें लागतें. एका भेगेंतून झिरपलेलें पाणी भिंतीचें लांकूड कुजवून टाकतें. फ्रिज, पाणी तापविण्याचा बंब, ब्रेक, बॅटऱ्या हीं सर्व रस्त्याच्या हादऱ्यांत झिजत असतात. आणि एक अडचण अशी कीं, स्थिर घरांत गवंडी काम करीत असला तरी माणसें शेजारच्या खोलींत राहतात. घरगाडी कारखान्यांत गेली कीं तिच्यांत राहणारीं माणसें रस्त्यावर येतात, आणि दुरुस्तीच्या बिलाबरोबर हॉटेलचेंही बिल भरावें लागतें. या सर्वांसाठीं आपल्या जोडप्यानें वर्षाला ४,००० डॉलर, म्हणजे महिना ३३३, बाजूला ठेवावयाचे ठरविलें, तर ते आणावयाचे कोठून?

या प्रश्नाचें उत्तर चाकांतच आहे. घर कितीही काटकसरीनें चालविलें तरी त्याची घरपट्टी कमी करतां येत नाहीं. घरगाडीचे दोन मोठे खर्च मात्र चालकाच्या हातांत असतात. पहिला मैलांचा. वर्षाचे १२,००० मैल ६,००० वर आणले कीं इंधनाचे महिना १७५ डॉलर वांचतात, टायर व इंजिन यांची झीज थांबते ती वेगळीच. दुसरा मुक्कामाचा. खासगी तळांवर रोजच्या भाड्यापेक्षां आठवड्याचें भाडें स्वस्त आणि त्याहून महिन्याचें स्वस्त असतें. मात्र महिन्यानें राहणाराला वीज बहुधा मीटरप्रमाणें निराळी मोजावी लागते. सरकारी जागा त्याहूनही स्वस्त. वय ६२ झालेल्या नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा परवाना मिळतो. पूर्वीं तो १० डॉलरांत मिळे, २०१७ पासून त्यास ८० डॉलर पडतात. त्यावर उद्यानांत प्रवेश तर मिळतोच, पण सरकारी तळांपैकीं पुष्कळ ठिकाणीं मुक्कामाचें शुल्कही निम्मे होतें. पश्चिमेकडील राज्यांत ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याच्या ताब्यांत अफाट मोकळी जमीन आहे. तींतील पुष्कळ भागांत अठ्ठावीस दिवसांपैकीं चौदा दिवस फुकट तळ टाकतां येतो. तेथें नळ नाहीं, वीज नाहीं. पाणी बरोबर न्यावयाचें आणि वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांतून घ्यावयाची. ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गांवाजवळ या खात्यानें लांबच्या मुक्कामासाठीं खास जागा राखून ठेवल्या आहेत. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे सात महिने, तेथें राहण्याचा परवाना कित्येक वर्षें १८० डॉलरांत मिळत असे. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून आलेल्या घरगाड्यांनीं तें वाळवंट शहरासारखें गजबजून जातें. आपल्या जोडप्यानें अशा जागांचा थोडा उपयोग करून भाड्याचे ८०० चे ६४० केले, तर १६० डॉलर सुटले. मैलांचे १७५, भाड्याचे १६० आणि मूळची शिल्लक ३३, मिळून ३६८. दुरुस्तीची पेटी भरली. स्वस्तांत राहावयाचें असेल तर हळू हिंडावें, हा अनुभवी घरगाडीवाल्यांचा पहिला धडा आहे. आणि त्याचा अर्थ असा कीं, सबंध देश एका वर्षांत पालथा घालण्याचें स्वप्न बाजूस ठेवावें लागतें.

ज्याचा मुक्काम नित्य बदलतो त्याला कायमचा पत्ता कोणता, हाही पैशाचाच प्रश्न आहे. मतदान, वाहनाची नोंद, विमा, कर या सर्वांना पत्ता लागतो. टेक्सस, फ्लॉरिडा आणि साऊथ डकोटा या तीन राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाहीं, आणि तेथें टपाल घेऊन पुढें पाठविणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. म्हणून बहुतेक घरगाडीवाले यांपैकीं एका राज्याचे रहिवासी होतात. परंतु कर वांचविण्याच्या नादांत आरोग्याचा विचार मागें पडूं नये. १९६५ च्या कायद्यानें सुरू झालेली मेडिकेअर योजना ६५ व्या वर्षीं लागू होते. मूळ मेडिकेअर घेतली तर ती मानणारा देशांतला कोणताही डॉक्टर चालतो. डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा हप्ता २०२५ सालीं माणशीं महिना १८५ डॉलर होता. तिच्याऐवजीं खासगी कंपन्यांच्या ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ योजना घेतां येतात. त्यांचा हप्ता पुष्कळदां हलका असतो, पण त्या बहुधा एका प्रदेशांतील डॉक्टरांपुरत्या बांधलेल्या असतात. घरांत बसणाराला ही अडचण नाहीं. चार राज्यें हिंडणाराला ती ऐन आजारांत भोंवते. नेहमींच्या दंतवैद्यकीचा खर्च मूळ मेडिकेअर देत नाहीं. म्हणून ॲरिझोनांत थंडी काढणारे कित्येक वृद्ध युमा शहराजवळची सरहद्द ओलांडून मेक्सिकोंतील लॉस अल्गोडोनेस या दंतवैद्यांच्या गांवीं दांत बसवून घेतात. आणि ज्यांनीं ६५ च्या आधींच नोकरी सोडली, त्यांना मधल्या वर्षांचा विमा स्वतः विकत घ्यावा लागतो. कित्येकांचा हिशेब रस्त्यावर येण्यापूर्वींच येथें अडखळतो.

जमा कमी पडली तर काम करावें, हा मार्ग तेथें रूढ आहे. सरकारी तळांवर आठवड्याचे कांहीं तास देखरेख करावी आणि त्याबद्दल जागा फुकट मिळवावी, असे यजमान पुष्कळ दिसतात. शरद ऋतूंत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवर साखरेच्या बीटची काढणी असते. नाताळपूर्वीं मोठ्या गोदामांत हात कमी पडतात. तेथेंही घरगाडीवाले जातात. मात्र हौसेनें काम करणारा आणि गरजेनें काम करणारा हे एकाच तळावर शेजारीं असले तरी त्यांची स्थिति एक नव्हे. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर घर आणि पुंजी गमावलेल्या कित्येक वृद्धांनीं गाडीचा आसरा घेतला. त्यांचें जीवन जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनीं ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकांत मांडलें; त्यावरून क्लोई झाओ यांनीं काढलेल्या चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. हिशेबांत कामाची कमाई धरावयाचीच असेल तर ती चैनीच्या खात्यावर धरावी, पोटाच्या खात्यावर धरूं नये. सत्तराव्या वर्षीं कंबर धरली कीं ती कमाई त्याच दिवशीं थांबते.

आतां बाजूला ठेवलेल्या ६०,००० डॉलरांकडे वळावयास हवें. स्थिर घराची किंमत बहुधा वर्षागणिक वाढते. घरगाडीची वर्षागणिक उतरते. आज ८०,००० ना घेतलेली गाडी व ट्रक दहा वर्षांनीं त्याच्या लहानशा अंशालाही विकतील कीं नाहीं, याची शाश्वति नाहीं. म्हणजे घर विकून गाडी घेणारानें केवळ राहण्याची जागा बदललेली नसते; वाढणारी मालमत्ता देऊन घटणारी घेतलेली असते. आणि एक दिवस असा येतो कीं डोळे अधू होतात, हात स्टिअरिंगवर थरथरतात, किंवा मैल्याच्या टाकीची नळी जोडण्यासाठीं वांकणेंही जमत नाहीं. त्या दिवशीं पुन्हां चार भिंती लागतात, आणि तोंवर त्यांचा भाव वाढलेला असतो. परतीची ठेव ती हीच. पहिल्या आनंदाच्या भरांत अधिक चकचकीत गाडीसाठीं ती मोडण्याचा मोह होतो. ज्यांनीं ती मोडली त्यांना परतीचा रस्ता उरत नाहीं.

याहूनही कठीण प्रसंग दोघांपैकीं एकाच्या जाण्याचा. सोशल सिक्युरिटीच्या नियमाप्रमाणें मागें राहिलेल्या जोडीदारास दोहोंपैकीं मोठी रक्कम मिळत राहते, लहान बंद होते. आपल्या उदाहरणांत नवरा आधीं गेला तर बायकोला १,९०० डॉलर मिळतील आणि तिचे १,३०० थांबतील. जमा चाळीस टक्क्यांनीं घटली. खर्च मात्र तितका घटत नाहीं. तळाचें भाडें दोघांना जितकें तितकेंच एकट्याला, गाडीचा विमा तितकाच, टायर तितकेच. म्हणून मोठ्या रकमेच्या धन्यानें शक्य तर ७० वर्षांपर्यंत थांबावें, असें जाणते लोक सांगतात. १,९०० चे तेव्हां सुमारें २,३५६ होतात, आणि त्या ४५६ डॉलरांचा खरा लाभ मागें राहणाराच्या पदरीं पडतो. याला पैशापलीकडची एक बाजू आहे. ज्या बाईनें वीस वर्षें शेजारच्या आसनावर बसून नकाशा पाहिला, पण ओढगाडी जोडून ट्रक कधीं चालविला नाहीं, ती त्या दिवशीं अनोळखी गांवांत, स्वतःच्याच घरांत अडकून पडते. टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथें ‘एस्केपीज’ ही घरगाडीवाल्यांची संस्था आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्यानें ती १९७८ मध्यें स्थापिली. आजारी आणि थकलेल्या सभासदांना स्वतःच्या घरगाडींतच राहून जेवण व शुश्रूषा मिळावी म्हणून तेथें निराळी सोय काढण्यांत आली. ती सोय निघाली हाच या प्रश्नाचा पुरावा होय. म्हणून चांगल्या जोडप्यांत गाडी चालविण्याचा आणि हिशेब लिहिण्याचा पाठ दोघेही गिरवतात, आणि महिन्याच्या अखेरीस वही एकमेकांपुढें उघडतात.

ज्या घरांतलीं मुलें-मुली अमेरिकेंत आहेत, त्या घरांतील वडील माणसांनीं तेथील महामार्गांवर या गाड्या पाहिल्या असतील, आणि एखाद्या तळावर हसतमुख म्हाताऱ्यांशीं दोन शब्द बोलणेंही झालें असेल. तें सुख खोटें नाहीं. सकाळीं दार उघडावें आणि पुढें डोंगर असावा, संध्याकाळीं अनोळखी शेजाऱ्यानें शेगडीजवळ खुर्ची द्यावी, यासाठीं ज्यांनीं मोठीं घरें सोडलीं त्यांना मूर्ख म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांतले जे अनेक वर्षांनंतरही समाधानी दिसतात, त्यांच्या वहींत बहुधा चार निरनिराळीं खातीं सांपडतात: महिन्याच्या खर्चाचें, दुरुस्तीचें, एकटें उरणाराचें आणि परतीचें. यांतलें पहिलें खातें सर्वच ठेवतात. पुढचीं तीन ठेवणें न ठेवणें यावरच पाठीवरचें बिऱ्हाड सुखाचें होतें कीं ओझ्याचें, हें ठरतें.